हिमालयाच्या पाण्याचा हिशोब मांडणारं करिअर

मुलाने किंवा मुलीने घरात 'मला हिमनद्यांवर काम करायचंय' असं म्हटलं की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. आपल्या गोदावरी-कृष्णेला बर्फाचं पाणी थेंबभरही मिळत नाही. मग शिकायचं कुठे, नोकरी देणार कोण? काळजी रास्तच आहे. पण हे काम काय असतं ते समजून घेतल्याशिवाय नकार देऊ नका, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

हिमनदी वितळू लागली की सुरुवातीला खालच्या नदीचं पाणी वाढतं. शेतकऱ्याला आणि वीजप्रकल्पाला ते बरंच वाटतं, पण ही मुद्दल मोडून केलेली चैन असते. एका टप्प्यावर हा प्रवाह शिखर गाठतो आणि पुढे वितळायला बर्फच कमी उरल्याने घटत जातो. लहान हिमनद्यांच्या खोऱ्यात हे शिखर लवकर येतं, मोठ्यांच्या खोऱ्यात उशिरा. गंगेच्या मैदानात मान्सूनचा वाटा मोठा असल्याने तिथे झळ कमी बसेल. सिंधूच्या वरच्या खोऱ्याची भिस्त मात्र हिमावर आणि हिमनद्यांवर आहे. सतलजवर १५०० मेगावॉटचा नाथपा झाकडी प्रकल्प उभा आहे, त्याखाली भाक्रा धरण. कोणत्या दशकात, कोणत्या महिन्यात किती पाणी येईल, हे तिथल्या नियोजनाला कळावं लागतं.

ते काढायचं कसं? हिमाचलातल्या लाहौल-स्पितीमधल्या छोटा शिगरी हिमनदीवर २००२ पासून मोजणी चालू आहे. बर्फात खोल भोक पाडून बांबूची काठी रोवतात आणि उन्हाळ्याअखेर ती किती उघडी पडली ते मोजतात. त्यावरून तापमान आणि वितळण्याचं नातं बसवता येतं. समजा, शून्याच्या वर दर अंशाला दिवसाला ६ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळतो आणि सरासरी तापमान ५ अंश आहे. म्हणजे दिवसाला ३० मिलिमीटर. एक चौरस किलोमीटरवर हे होतं ३ कोटी लिटर पाणी. गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. खरी कसोटी पुढे आहे. बर्फावर धुळीचा पातळ थर असेल तर बर्फ जास्त वितळतो, दगडगोट्यांचा जाड थर असेल तर कमी. शिवाय अत्युच्च डोंगरावर हिमवृष्टी किती झाली हे मोजणारी यंत्रं मोजकीच. त्यामुळे कधी कधी नदीच्या पाण्याचा अंदाज देणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये बर्फाचं वितळणं जास्त धरलं जातं आणि पाऊस-हिमवृष्टी कमी. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि नदीचा आकडा हुबेहूब जुळतो! असं मॉडेल आजचं उत्तर बरोबर देतं आणि २०७० चं साफ चुकवतं. म्हणून चांगला संशोधक नदीच्या विसर्गाबरोबर काठीची मोजणी आणि उपग्रहाची चित्रंही ताडून बघतो. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी गुणवत्ता हीच: जुळलेल्या आकड्यावरही संशय घेणं.

हा संशय किती गरजेचा आहे ते जगाने पाहिलंय. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असं विधान हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००७ च्या अहवालात आलं होतं. २०१० मध्ये ते चूक असल्याचं संस्थेने जाहीरपणे मान्य केलं.

आता वाट. बारावीनंतर 'हिमनदी' नावाची पदवी शोधत बसू नका. भौतिकशास्त्र, गणित, भूविज्ञान किंवा स्थापत्य अभियांत्रिकी, यातला एक पाया पक्का करा आणि सोबत पायथन ही संगणकाची भाषा व जीआयएस हे नकाशांचं तंत्र शिका. 'ओपन ग्लोबल ग्लेशियर मॉडेल' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते चालवून पाहा, आवड खरी आहे की नाही ते तिथेच कळेल. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी रुरकीचा जलविज्ञान विभाग गाठता येतो. संशोधनासाठी रुरकीचीच राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, डेहराडूनची वाडिया संस्था, आयआयटी इंदूर आणि बंगळुरूचं दिवेचा केंद्र आहे. आणि आपल्याला जवळचं म्हणजे गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. स्पितीतलं 'हिमांश' हे संशोधन ठाणं त्यांचंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेत हवामानाची मॉडेलं तयार होतात, त्यांच्यावरच नदीची मॉडेलं चालतात.

पैशाचं स्पष्ट सांगते. फक्त हिमनद्यांसाठीच्या कायम जागा थोड्या, आणि पीएच.डी. जवळपास अटळ. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये. पण हेच कौशल्य जलविद्युत कंपन्या, धरण सुरक्षा, पूर अंदाज, विमा इथे चालतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं साउथ ल्होनाक हे हिमनदीच्या पाण्याचं सरोवर फुटून तीस्तावरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. तेव्हापासून अशा सरोवरांवर नजर ठेवणाऱ्या माणसांची गरज सगळ्यांना पटली आहे.

मुलीला पाठवायचं कसं, ही धास्ती असेल तर नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आठवा. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ साली अंटार्क्टिकाला गेल्या होत्या. शिवाय या कामाचा बराचसा वेळ संगणकासमोरच जातो.

पालकांनो, एक विनंती: अकरावीला मार्क वाढवायच्या नादात गणित सोडू देऊ नका. बाकीचं नंतर शिकता येतं.