गळ त्याच्या हाती

दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हा उपदेश आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. परंतु उपयोगी कसे पडावे ही विद्या निराळी आहे, आणि इतर विद्यांप्रमाणे तीही अभ्यासानेच साध्य होते. नुसत्या सदिच्छेने पोहता येत नाही, तद्वत् नुसत्या सदिच्छेने सेवाही करता येत नाही. ह्या लेखात आम्ही अशाच एका सेवेचा पाठ विद्यार्थिमित्रांपुढे मांडणार आहो. ज्या मुलांची दृष्टी, श्रवण, हातपाय अथवा बुद्धी इतरांसारखी चालत नाही, अशा मुलांसाठी आमच्या नेरूळात विद्यार्थ्यांनी व पालकांनी स्वयंसेवक होऊन मासे गरवण्याचा एक दिवस योजावा. तो कसा योजावा व त्यात काय टाळावे, हा आमचा विषय आहे. गळ टाकून मासे धरण्यास कोकणात गरवणे म्हणतात, हे येथे सांगून ठेवतो.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे कित्येक पालक विचारतील. २०११ च्या खानेसुमारीत भारतात २ कोटी ६८ लाख, व एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग माणसे नोंदली गेली. १९९५ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस मानले, आणि ज्यांचे दिव्यांगत्व ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आमच्या शेजारी वाशीस महानगरपालिकेचे ई. टी. सी. केंद्र अशा मुलांस शिक्षण व प्रशिक्षण देत आहे. हे सर्व उत्तम आहे. परंतु कायदा शाळेचे दार उघडील. सोबती मात्र कायद्याने मिळत नाही. एकाच इमारतीत राहणारी दोन मुले दहा वर्षे लिफ्टमध्ये एकमेकांस भेटतात, आणि त्यांपैकी एकाचे नावही दुसऱ्यास ठाऊक नसते, हा प्रकार आमच्या शहरात नित्याचा आहे. ह्याला निर्दयता कारण नाही. बोलावे कसे, वागावे कसे, हे न कळल्यामुळे आलेला तो संकोच आहे; आणि संकोच व्याख्यानाने जात नाही, एकत्र काम केल्याने जातो.

मिशनच्या शाळांस हा विषय नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड ह्यांनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली; तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. अंधास भिक्षा घालणारे त्या काळीही पुष्कळ होते. त्याला शिकवता येईल, असे मानणारे थोडे होते. भिक्षा आणि शिक्षण ह्यांतील हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे पुढील सर्व गोष्टींचे मर्म कळेल.

आता मासे गरवणेच का, हे पाहू. धावण्याच्या शर्यतीत लंगड्याची, गायनात मुक्याची व गणितात मंदाची गत काय होते, हे सांगणे नलगे. गरवण्यात धावणे नाही, बोलणे नाही, पाठांतर नाही. पाण्यापुढे सर्वांस सारखेच बसावे लागते व सारखीच वाट पाहावी लागते. काठी कोणाच्या हातात आहे हे माशास कळत नाही. तो पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास ओळखीत नाही आणि मागे पडलेल्यास टाळीत नाही. अमेरिकेत 'कास्ट फॉर किड्स' नावाची संस्था १९९१ पासून अशा मुलांस स्वयंसेवकांच्या सोबतीने तलावांवर नेत आली आहे. आमच्याकडे तर ही विद्या घरचीच आहे. १९७० साली सिडको स्थापन होऊन नवे शहर वसू लागण्यापूर्वी येथे भातखाचरे, मिठागरे व खाडी होती. आणि सारसोळे, करावे, दारावे ही आगरी-कोळ्यांची गावे आजही आमच्या उंच इमारतींच्या मध्ये नांदत आहेत. ह्या गावांतील वडील माणसांस गुरू करून आणावे. जे मुलांस शिकवतील त्यांस मुलांनी 'नाखवा' म्हणून आदराने हाक मारावी.

पहिला प्रश्न जागेचा. खाडीवरील जेटी मनात भरते खरी. पण ती ह्या कामास योग्य नव्हे. ह्याचे कारण कोळ्यांच्या एका जुन्या हिशेबाने कळते. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ अजमासे निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या पुढेमागे. वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजावे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबई बंदराचा आहे. आत खाडीत पाणी काहीसे उशिरा पोहोचते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणजे सकाळी जेथे पाणी हाताशी होते, तेथे दुपारी शेवाळलेल्या पायऱ्या व गुडघाभर चिखल असतो. शिवाय खाडीतील शिंगाळ्याचा काटा विषारी असतो. विद्यार्थ्यांनी पंचांग उघडून हे गणित अवश्य करून पाहावे. परंतु चाकाच्या खुर्चीवरील मुलास तेथे नेऊ नये.

खाडीलगतची पाणथळ तळीही सोडावी. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीस २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, ते अशा पाहुण्यांमुळेच. आपल्या आनंदासाठी त्यांस उठवणे बरे नव्हे. कोणी पवई तलाव सुचवील. गरवणाऱ्यांची जुनी संस्था त्या तलावावर आहे हे खरे. पण त्यात मगरीही आहेत! तेव्हा गावठाणातील लहान, गोड्या पाण्याचा, काठ बांधलेला तलाव पाहावा. काठ सपाट असावा, सावली असावी, दिव्यांगांस वापरता येईल असे शौचालय जवळ असावे, आणि महानगरपालिकेची लेखी परवानगी अगोदर घ्यावी. स्वयंसेवकांपैकी एकाने चाकाच्या खुर्चीवर बसून ती सर्व वाट आधी स्वतः चालवून पाहावी. पायी चालताना न दिसलेली दोन इंच उंचीची कड त्या वेळी दिसते.

दुसरा प्रश्न साधनांचा. चक्री लावलेल्या महागड्या काठ्यांचे येथे काम नाही. सात-आठ फुटांची हलकी बांबूची काठी, तेवढीच दोरी, शिशाचा एक मणी, तांबडा तरंगा आणि लहान गळ एवढे पुरे. गळाच्या टोकास जो उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करावा. म्हणजे मासा सहज सुटतो, आणि चुकून बोटात गेला तरी गळ निघतो. डोळ्यांजवळ गळ रुतल्यास मात्र कोणीही ओढू नये, डॉक्टरांकडे न्यावे. आमिष म्हणून कणकेची घट्ट गोळी चालते. आपल्याकडील तलावांत बहुधा तिलापिया असतो. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, ही गोष्ट मुलांस सांगण्याजोगी आहे. तो कणकेवर लवकर येतो, म्हणून नवशिक्यांस सोयीचा. त्याच्या पाठीवरील काटे टोचतात. हात ओले करून, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवीत त्यास धरावे व हळूच पाण्यात सोडावे. शहरातील तलावाचे पाणी स्वच्छ असेलच असे नाही, म्हणून मासा खाण्यास नेऊ नये. ज्या कुटुंबांस मासे धरणे पटत नाही, त्यांच्या मुलांनी गळाविना कणीक टाकून मासे जमवावेत. त्यांतही मौज आहे.

साधन मुलाप्रमाणे बदलावे. मूल साधनाप्रमाणे बदलण्याची अपेक्षा धरू नये. अंध मुलाच्या काठीच्या टोकास एक घुंगरू बांधावे. मासा ओढू लागला की घुंगरू वाजते, आणि तरंगा पाहणाऱ्या डोळस मुलाच्या आधी त्याला वार्ता लागते. बहिऱ्या मुलाशी 'थांब', 'ओढ', 'सोड' ह्या तीन खुणा आधी ठरवून घ्याव्यात. ज्याची मूठ नीट वळत नाही, त्याच्या काठीच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. हात कापत असल्यास वाळूच्या बादलीत नळी रोवून काठी तिच्यात ठेवावी. चाकाची खुर्ची पाण्याकडे तोंड करून नव्हे, तर काठाला समांतर लावावी, ब्रेक ओढावा आणि चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. स्वमग्न मुलास गोंगाट व अनपेक्षित बदल सोसत नाहीत. त्याच्यासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी कागदावर काढावा, शक्य तर आठ दिवस आधी तलाव दाखवून आणावा, आणि एक शांत कोपरा राखून ठेवावा. अशा काही मुलांस पाण्याची विलक्षण ओढ असते. म्हणून त्यांच्यावरून नजर क्षणभरही काढू नये. ज्यांस फेफरे येते त्यांच्या औषधांची व वेळांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी. तरंगण्याचे जाकीट मात्र सर्वांनी घालावे, स्वयंसेवकांनीसुद्धा. म्हणजे ते दुबळेपणाचे चिन्ह न राहता त्या दिवसाचा गणवेश होईल.

तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न स्वयंसेवकांचा. एका मुलामागे दोघे असावेत: एकाने मुलाजवळ बसावे, दुसऱ्याने गळ, आमिष व मासा सांभाळावा. बारा मुलांस चोवीस स्वयंसेवक. ह्यापेक्षा अधिक मुले पहिल्या वर्षी घेऊ नयेत. प्रत्येक स्वयंसेवकाने आधी दोन तास शिक्षण घ्यावे, आणि त्या शिक्षणाचे मुख्य सूत्र हे की काठी मुलाच्या हाती असावी व आपले हात आपल्या पाठीशी.

हे सूत्र ऐकण्यास सोपे आहे. पाळताना मात्र घाम फुटतो. तरंगा बुडाला, मुलगा गोंधळला, काठी उचलण्यास उशीर होत आहे, मासा सुटणार हे डोळ्यांस दिसत आहे. अशा वेळी आपला हात आपोआप पुढे धावतो. आपण काठी खेचतो, मासा वर येतो, सर्वजण टाळ्या वाजवतात, आणि मुलाच्या हाती मासा देऊन छायाचित्र काढले जाते. ह्या प्रसंगी मासा कोणी धरला? मुलास ते पक्के ठाऊक असते. टाळ्या खोट्या आहेत हे मंदबुद्धी म्हणून गणलेल्या मुलासही कळते. त्याचा मासा सुटला असता तर तो त्याचा स्वतःचा सुटलेला मासा झाला असता. घरी जाऊन आईस सांगण्याजोगी ती एक गोष्ट झाली असती. तीही आपण त्याच्याकडून हिरावून घेतली. धोका दिसल्यास हात पुढे करावा, त्यात क्षणाचाही विलंब करू नये. पण अपयश दिसल्यास हात आवरावा. धोका आणि अपयश ह्यांत भेद करणे, हीच ह्या दिवसाची परीक्षा आहे, आणि ती मुलाची नसून आपली आहे.

साहाय्य करण्यापूर्वी विचारावे, हेही त्याच सूत्रात येते. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारीत होता. त्याला काय हवे हे कोणासही दिसत होते. तरी प्रभूने त्याला जवळ बोलावून त्याची इच्छा त्याच्याच तोंडून ऐकली, आणि मग त्यास दृष्टी दिली. त्या प्रश्नात त्या भिकाऱ्याचा केवढा मान राखला गेला! आपणही खुर्ची ढकलण्यापूर्वी, हात धरण्यापूर्वी, मुलासच विचारावे. प्रश्न त्याच्या आईस विचारून उत्तर त्याच्या डोक्यावरून घेऊ नये.

दिवस डिसेंबराचा असावा. त्या महिन्यात ऊन सौम्य असते. ३ डिसेंबर हा दिव्यांगांचा आंतरराष्ट्रीय दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली ठरवला. त्याच्या जवळचा एखादा शनिवार निवडावा. सकाळी आठास जमावे, साडेआठ ते दहा गरवावे, मग सर्वांनी एकाच पंगतीस बसून न्याहारी करावी, आणि अकरास घरी जावे. ध्वनिक्षेपक नको, ढोल नको, पाहुण्यांची भाषणे नकोत. मोठ्या माशास बक्षीस नको. पालकांच्या संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये. पंगतीत स्वयंसेवकांनी वाढून दूर उभे राहू नये. आपापल्या मुलाशेजारी बसून जेवावे.

पालकांविषयी दोन शब्द. अशा मुलांचे आईबाप वर्षानुवर्षे जागरूक असतात. दोन तास निश्चिंतपणे चहा पिणे त्यांच्या नशिबी क्वचितच येते. त्यांच्यासाठी सावलीत खुर्च्या मांडाव्यात, जेथून मूल दिसेल पण हाक मारण्याचा मोह होणार नाही. आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांस आमची विनंती अशी की, परीक्षा जवळ आली म्हणून मुलास ह्या कामापासून रोखू नये. इतिहासाचा एक धडा मागे पडला तर तो पुढील आठवड्यात भरून काढता येतो. दुसऱ्याच्या संथ गतीने चालण्याचा धडा मात्र बालपणी चुकला, तर पुढे तो शिकवणारा सहसा भेटत नाही.

कदाचित त्या सकाळी एकही मासा लागणार नाही. तसे झाल्यास कोणीही खिन्न होऊ नये. गालीलातील कसलेल्या कोळ्यांनाही रात्रभर श्रमून रिकाम्या हाती परतावे लागले होते. घरी जाताना प्रत्येक स्वयंसेवकास आपल्या मुलाचे नाव, त्याची आवड आणि त्याचे घर ठाऊक झालेले असले, आणि पुढील रविवारी तो त्या घरी खेळावयास गेला, म्हणजे दिवस सार्थकी लागला असे समजावे. ज्या विद्यार्थ्यांस ह्या कामात पडावयाचे असेल त्यांनी पालकांची चिठ्ठी घेऊन आपल्या वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत. काठ्या कापणे, ट्यूब गुंडाळणे व घुंगरे बांधणे ह्या कामांस आतापासूनच हात लागले पाहिजेत.