पऱ्हाटीतले अनुभव

1. फुलं लागली की सकाळी रानात फिरून डोमकळ्या शोधा. या फुलांच्या पाकळ्या उमलत नाहीत, टोकाशी एकमेकींना चिकटून राहतात, गुलाबाच्या कळीसारख्या. अलगद सोडवलं की आत गुलाबी बोंडअळीची बारीक अळी दिसते. तोडून चिरडायची. निंदणाला येणाऱ्या बायांना त्या आपल्याआधी दिसतात, हे मान्य करून त्यांनाच विचारावं.

2. कामगंध सापळे एकरी दोन. सलग तीन दिवस एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीचं बघा. अनुदानाच्या फोटोपुरता टांगलेला सापळा काही सांगत नाही.

3. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं, औषध बाहेरच राहतं. दोन जनुकांचं बीटी 2006 मध्ये आलं. हिरव्या अळीला ते आवरतं, गुलाबीला मात्र पचलं. ते पचू नये म्हणून पाकिटासोबत दिलेलं बिगरबीटी बियाणं कोण लावत होतं? 2017 मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून औषधात औषध मिसळून फवारणं मला बघवत नाही.

खरी मेख फरदडीत, म्हणजे हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या पिकात आहे. गुलाबी अळी जगते जवळपास कापसावरच. डिसेंबरअखेर रान मोकळं झालं तर तिची उपासमार. पाणी देऊन मार्चपर्यंत पीक उभं ठेवलं तर पुढच्या हंगामाची सोय. फरदडीचे चार पैसे उधारी फेडायला लागतात, म्हणून ती ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणवत नाही. पण त्याची अळी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर थांबत नाही. एकट्यानं रान मोकळं करून भागत नाही, सगळ्या शिवारानं करावं लागतं.

4. हलक्या जमिनीत लांब मुदतीचं संकरित वाण नको. बोंडं भरायच्या वेळेला ओल संपलेली असते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं पुढे आणलेली दाट लागवड, लवकर येणाऱ्या सरळ वाणाची, अशाच रानासाठी. भारी काळ्या रानात उलट पाणी तुंबतं, तिथं सऱ्या पाडाव्यात.

5. पानं लाल पडली की दुकानदार बुरशीनाशक काढून देतो. लाल्या बहुतेक वेळा नत्र आणि मॅग्नेशियमच्या कमतरतेनं येतो. आधी माती तपासा.

6. पऱ्हाट्यांची गंजी घराजवळ रचू नका. वाळक्या किडक्या बोंडात अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पावसाळ्यात पतंग होऊन निघते. श्रेडर मिळाला तर पऱ्हाटी रानातच बारीक करून मातीत गाडा. सरपणाची अडचण होते म्हणून घरातून बोलणी बसतात, ती ऐकून घ्यावीत.