स्तनाच्या कर्करोगातील रक्षक पेशी

स्तनातील कर्करोगाची गाठ काढल्यानंतर ती विकृतितज्ज्ञाकडे पाठविली जाते. मेणात बसवून तिचे अतिशय पातळ काप काढतात, ते रंगवितात आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या कापात कर्कपेशीच तेवढ्या दिसतात असे नाही. त्यांच्या पुंजक्यांमधील आधार-ऊतीत गडद जांभळ्या केंद्रकाच्या लहान, गोल पेशी पुष्कळदा दाटून आलेल्या आढळतात. या लसिकापेशी, म्हणजेच लिम्फोसाइट, शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेचे शिपाई होत.

लसिकापेशींनी भरलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठीचे रुग्ण अपेक्षेपेक्षा बरे राहतात, असे मूर व फूट यांनी १९४९ मध्येच नोंदविले होते. परंतु मोजणीची रीत ज्याची त्याची निराळी होती. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने एक पद्धत सुचविली : गाठीच्या हद्दीतील आधार-ऊतीचा किती टक्के भाग या पेशींनी व्यापला आहे, ते पाहावयाचे. यासाठी निराळे यंत्र लागत नाही. नेहमीचीच काचपट्टी पुरते.

इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्हींचे ग्राहक नसलेल्या गाठीत या मोजणीस विशेष अर्थ आहे. हा प्रकार उग्र असून हार्मोनविरोधी औषधे त्यावर चालत नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्या, परंतु केमोथेरपी न घेतलेल्या १,९६६ रुग्णांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या अवस्थेतील ज्या रुग्णांच्या गाठीत हे प्रमाण ५० टक्के वा अधिक होते, त्यांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या व रोग दूरच्या अवयवांत पसरला नव्हता. प्रमाण ३० टक्क्यांहून कमी असता हाच आकडा ७८ होता. केस गळणे, जंतुसंसर्गाचे भय, बुडणारी मजुरी हे सारे काही स्त्रियांना टाळता येईल काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला आहे. तथापि केवळ या आकड्यावर आज केमोथेरपी वगळली जात नाही.

प्रत्येक गाठीस हा नियम लागू नाही. जर्मनीतील ३,७७१ रुग्णांच्या २०१८ मधील विश्लेषणात, लसिकापेशी अधिक असता केमोथेरपीचा गुण सर्वच प्रकारांत चांगला आला. मात्र हार्मोनग्राहक असलेल्या, हर-२ नसलेल्या प्रकारात अशा रुग्णांचे आयुर्मान उलट कमी भरले. लसिकापेशींतही काही कर्कपेशींना मारतात, तर काही त्या हल्ल्यालाच आवर घालतात. नेहमीच्या रंगात दोन्ही सारख्याच दिसतात.

मोजणी विश्वसनीय होण्यासाठी काढलेली गाठ विनाविलंब पुरेशा फॉर्मलिनमध्ये ठेवावी लागते. कोरडी राहिलेली गाठ सडू लागते आणि पेशी ओळखता येत नाहीत. अहवालाबरोबर काचपट्ट्या व मेणाचे ठोकळेही जपावेत. पुढे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाल्यास तेच उपयोगी पडतात.