चाकांवरच्या बिऱ्हाडात आधी काय घ्यावं

व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा बसवून झाला की नवा मालक सामानाच्या याद्या शोधू लागतो. मोबाईलवर मिळणाऱ्या बहुतेक याद्या थंड मुलखातल्या लोकांनी केलेल्या असतात. त्यांत हीटर असतो, जाड रजया असतात, बर्फात टायरला लावायच्या साखळ्या असतात. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्याहून निघणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, आणि रोवणीच्या दिवसांत रस्त्यावरून चाक खाली उतरलं की ते धानाच्या बांधीतच रुततं. थंडी असते, पण ती चादर-ब्लँकेटने भागणारी.

पहिला पैसा जीव वाचवणाऱ्या आणि अडकलेली गाडी बाहेर काढणाऱ्या वस्तूंवर घालावा. त्यानंतर पाणी, मग झोप, आणि दिसायला छान ते सगळ्यात शेवटी, असं माझं ठाम मत आहे. यातलं अर्ध्याहून जास्त सामान कोंढा, अड्याळ आणि पवनीच्या दुकानांत मिळतं. बाहेरून मागवाव्या लागतात त्या वस्तू थोड्याच, पण त्या पक्क्या बिलाच्याच घ्याव्यात.

१. सामानाआधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या गाडीत परवानगीशिवाय मूळ रचनेचा बदल करता येत नाही. कारखान्यातून कॅराव्हॅन म्हणून बाहेर पडणाऱ्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्र सरकारचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आहे, पण ते मुख्यतः हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्या घरगुती माणसाने छत कापणं, वेल्डिंग करणं, सीट कायमच्या उपटणं या वाटेला आरटीओत विचारल्याशिवाय जाऊ नये. पलंग आणि ओटा नटबोल्टवर बसणारे, अर्ध्या तासात उतरवता येणारे करून घ्यावेत. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवावं. आग लागली किंवा अपघात झाला तर पहिला प्रश्न तिथूनच येतो.

२. वीज: बॅटरी दुसरी, फ्यूज पहिला

गाडी चालू करणाऱ्या बॅटरीवर रात्री पंखा लावायचा नाही. राहण्याची बॅटरी वेगळीच हवी. ती गाडी चालताना आल्टरनेटरवरून भरावी, पण थेट वायर जोडून नव्हे. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घालावा, म्हणजे गाडी बंद असताना मूळ बॅटरी उतरत नाही.

बॅटरी केवढी घ्यायची याचा हिशोब कागदावर मांडता येतो. बारा व्होल्टचा तीस वॅटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तर २४० वॅट-अवर लागतात. एलईडी दिवे आणि दोन मोबाईल मिळून साठ-सत्तर. म्हणजे तीनशेच्या आसपास. शंभर अँपिअर-अवरच्या बारा व्होल्ट बॅटरीत कागदावर १२०० वॅट-अवर असतात. पण साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच काढावेत, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तरीही दोन रात्री जेमतेम निघतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण वजनाला हलकी, आणि तिच्यातली बहुतेक वीज वापरता येते. फ्रीज ठेवायचाच असेल तर मात्र उन्हाळ्यात तो एकटा दिवसाला चार-पाचशे वॅट-अवर खातो. पहिल्या वर्षी फ्रीजशिवाय राहून पाहावं. इडली-डोशाचं पीठ सोडलं तर आमचं काही अडलं नाही.

शंभर वॅटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चारशे वॅट-अवर देतं. आमच्याकडे अडचण अशी की गाडी सावलीत हवी आणि पॅनल उन्हात. म्हणून छताला पक्कं केलेल्या पॅनलपेक्षा लांब केबलचं सुटं पॅनल मला जास्त उपयोगी वाटतं. गाडी आंब्याखाली, पॅनल दहा पावलं दूर.

इंडक्शन शेगडीचा मोह टाळावा. बाराशे वॅटची शेगडी बारा व्होल्टवरून चालवायची तर बॅटरीतून शंभर अँपिअरहून जास्त करंट खेचला जातो. घरातल्या वायरिंगच्या अंदाजाने घातलेली वायर अशा वेळी वितळते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. दूर बसवला तर मधली वायर उघडी राहते आणि ती कुठे घासली तर तिला आवरणारं काहीच नसतं.

हे काम मी ट्रॅक्टरच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. त्यांनी पंखा, दिवे, पंप सगळं एकदम सुरू केलं, दहा मिनिटं थांबले आणि मग वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेले. एका जोडापाशी थांबले. “भाऊ, इथं गरम लागून रायली. करंट इथंच खर्च होते. लग नीट दाबला नाही.” त्यांनी तो जोड कापला, नवा तांब्याचा लग घालून हायड्रॉलिक क्रिंपरने दाबला, वर काळी हीट-श्रिंक नळी चढवली आणि पुन्हा दहा मिनिटं सगळं चालवून पाहिलं. नव्या मालकाने आपल्या गाडीत हे स्वतःच्या बोटांनी करावं, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावं.

३. गॅस, धूर आणि आग

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच, थेट बाहेर उघडणारं भोक हवं. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा, आणि गाडी चालताना रेग्युलेटर बंद. पाच किलोचा छोटा सिलिंडर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. बाजारात ठोकून भरून मिळणाऱ्या छोट्या टाक्या गाडीत ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्याहून मोठी भीती मला कोळशाच्या सिगडीची वाटते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. बाहेर पेटवलेली सिगडी निखारे लाल आहेत, धूर नाही, म्हणून आत घेण्याचा मोह होतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. सिगडी गाडीत आणायची नाही, दार किलकिलं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅस गळतीचा अलार्म या दोन वस्तू बाहेरून मागवायच्या यादीत सगळ्यात वर लिहाव्यात. पहिला उशीच्या उंचीवर, दुसरा जमिनीलगत.

अग्निशामक दोन किलोचा, एबीसी पावडरचा. तो शेगडीजवळ लावू नये, दाराजवळ लावावा, कारण आग लागेल ती शेगडीपाशीच. काटा हिरव्या पट्टीत आहे ना, एवढं निघताना पाहावं. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी बसते, म्हणून अधूनमधून तो उलटा करून हलवावा.

४. पाण्यासाठी कृषी केंद्रात जा

कॅम्परसाठी म्हणून विकला जाणारा बारा व्होल्टचा पाण्याचा पंप महाग पडतो. धानावर फवारणी करणाऱ्या बॅटरी पंपात त्याच जातीची डायफ्रॅमची मोटर असते आणि ती सुटी, नवी, कृषी केंद्रात मिळते. सोबत नळी, क्लॅम्प आणि छोटा व्हॉल्व्हही तिथेच. एक अट मात्र काटेकोर पाळावी: मोटर आणि नळी कोरीच हवी, औषध एकदाही न गेलेली. आणि या पंपाचं पाणी भांडी आणि हातपाय धुण्यापुरतंच. पिण्याचं पाणी वेगळ्या झाकणाच्या कॅनमध्ये, तोटी लावून.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, दोन माणसं जादा बसल्यासारखं. छोट्या व्हॅनला ते झेपत नाही. वीस-वीस लिटरचे दोन-तीन कॅन चाकांच्या आसाजवळ, तळाशी ठेवावेत. आमच्या जिल्ह्यात तलाव-बोड्या पावलोपावली आहेत, धुण्याचं पाणी कुठेही मिळतं.

उन्हाळ्यात कापडी छागल बाहेर टांगावी. कोरड्या हवेत कापडातून झिरपणारं पाणी उडतं आणि आतलं गार होतं, विजेचा एक थेंब न लागता.

५. ऊन

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर उभी असलेली व्हॅन राहण्याजोगी नसते, आत काहीही बसवा. म्हणून आधी ऊन पत्र्यापर्यंत पोचू नये हे पाहावं. रोपवाटिकेची हिरवी जाळी छतापासून हातभर उंच, बांबूवर ताणली तर मधून वारा वाहतो आणि पत्रा तापत नाही. जाळी थेट छतावर पसरून उपयोग नाही. काचांना चकचकीत फॉइलचे पडदे, जमलं तर बाहेरून.

मग दोन भोकं: एक खाली, थंड बाजूला, आणि एक वर, जिथे पंखा गरम हवा बाहेर फेकेल. एकच खिडकी उघडून आत पंखा फिरवला तर तीच तापलेली हवा फिरत राहते. वैदर्भीय माणसाला कूलर आठवणारच. छोटा कूलर मेपर्यंत छान काम देतो, पण मृगाचा पाऊस पडला, हवा ओलसर झाली की तो नुसता दमटपणा वाढवतो.

६. रुतलेलं चाक

आमच्या आबाजींच्या बैलबंडीखाली कंदील, वंगणाची नळी, सोल आणि पाण्याचं भांडं कायम टांगलेलं असे. जत्रेला निघताना शिदोरी बदले, हे सामान कधी बदलत नसे. व्हॅनमध्येही असा एक न उतरणारा कप्पा ठेवावा. त्यात हवा भरलेली स्टेपनी, जॅक, लांब दांड्याचा पाना, टायरमध्ये हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप, पंक्चर किट, जंपर केबल, परावर्तक त्रिकोण, ओढायचा पट्टा, छोटं फावडं आणि डोक्याला बांधायची बॅटरी असावी.

यांशिवाय हव्यात अशा दोन वस्तू कुठल्याच यादीत मला दिसल्या नाहीत. एक म्हणजे दोन इंच जाडीची, दीड फुटाची सागाची फळी. मऊ जमिनीवर जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. फळीखाली थोडा चिखल उपसून ती सपाट बसवली आणि वर जॅक ठेवला तर तो उभा राहतो. दुसरी, सुताराकडून कापून घेतलेल्या चार पाचरी. उतारावर चाक अडवायला दोन, आणि झोपताना गाडी समपातळीत आणायला दोन. डोकं पायांपेक्षा खाली राहिलं तर रात्रभर झोप नाही.

धान कापणीनंतर बांधी कोरडी दिसते, पण गोसीखुर्द धरणाच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे उन्हाळी धानही घेतात. वरून पापुद्रा वाळलेला आणि खाली गाळ, असं होतं. उतरून टाचेने दाबून पाहावं, मगच चाक घालावं.

७. संडास

याबद्दल संकोचाने कुणी बोलत नाही, आणि घरातल्या बायका-मुलींची सगळ्यात मोठी काळजी हीच असते. घट्ट झाकणाची बादली, वर बसायची सीट, आणि राइस मिलमधून आणलेला धानाचा कोरडा तूस. प्रत्येक वापरानंतर मूठ-दोन मुठी तूस टाकला की ओल शोषली जाते, वास बराच मरतो. लघवी वेगळ्या कॅनमध्ये गेली तर आणखी बरं. घरी आल्यावर सगळं खोल खड्ड्यात, विहीर-बोअरपासून लांब. महागडं रसायनाचं शौचालय मग घ्यावंसं वाटलं तर घ्यावं. बाहेर आडोशाला ताडपत्रीचा तंबू हवाच.

८. जाळी आणि पायताण

धानपट्ट्यात डास असतातच. पवनीच्या शिंप्याकडून मागच्या दाराच्या मापाची जाळी शिवून घेतली, कडेला चुंबकाची पट्टी घातली. दार उघडं ठेवून झोपता येतं. जमिनीवर चादर टाकून झोपू नये. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश दुखत नाही, आणि झोपेत तो कळतही नाही. बुटात पाय घालण्याआधी बूट झटकावा. मुक्कामाजवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, हे उजेडी विचारून ठेवावं.

९. नदीकाठचा मुक्काम

वैनगंगेचा काठ सुंदर आहे, आणि पावसाळ्यात तिथे मुक्काम करू नये. ही नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. इथे आभाळ कोरं असलं तरी वरच्या धरणाचं पाणी येऊन पोचतं. २०२० च्या ऑगस्टअखेर संजय सरोवर या वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने भंडारा शहरात पूर शिरला होता, तो या भागातल्या कुणी विसरलेलं नाही. गोसीखुर्द धरणाखालच्या पात्रात तर कोणत्याच ऋतूत गाडी उतरवू नये.

जंगलाचाही नियम सरळ आहे. उमरेड-कऱ्हांडला किंवा नागझिरा अभयारण्याच्या हद्दीत आपल्या मर्जीने रात्र काढता येत नाही. गेटबाहेरच्या गावात, पोलीस पाटलांना सांगून, कुणाच्या तरी खळ्यात गाडी लावावी. त्यांच्याकडूनच पाणी मिळतं, आणि रात्री कुत्री भुंकली तर उठून बघणारं कुणी तरी असतं.

१०. पहिली रात्र

ती घराच्या अंगणात काढावी, घरात एकदाही न जाता. काय विसरलं ते सकाळपर्यंत कळतं. त्यानंतरची पहिली सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर तासाभरात पोचेल एवढ्याच अंतरावर. आम्ही कोंढेकर पवनीच्या बाजूला जातो. मग पुढच्या सहलींना बोदलकसा, नवेगाव बांध हे तलाव. महिनाभरात जी वस्तू हातात घेतली नाही ती खाली उतरवावी. अपवाद फक्त अग्निशामक, दोन अलार्म आणि तो न उतरणारा कप्पा.