रोहिणीचे पाणी आणि आपली चारी

उपासक-उपासिकांनो,

बुद्धवंदनेला बसलो की आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील सांगते, जे आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये. चोरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घरफोड्या येतो, खिसेकापू येतो. आणि आपण मनाशी म्हणतो, हे शील तर आपण पाळतोच. पण जरा विचार करा. हट्ट्याच्या शिवारात रब्बीची पाळी चालू आहे. रात्रीची वीज आली आहे. वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने आपली पाळी संपल्यावरही चारीत पाईप टाकून पाणी ओढले. सकाळी शेवटचा शेतकरी चारीवर गेला तर तिथे नुसता चिखल. कुलूप तुटले नाही, भिंत फुटली नाही, पंचनामाही झाला नाही. तरीपण जे घेतले ते न दिलेलेच घेतले. मग शील मोडले की नाही?

आजचा पाठ या पाण्याविषयी आहे. पाणी एकाचे नसते, ते अनेकांचे असते. आणि जे अनेकांचे असते ते कसे वाटून घ्यावे, हा धम्माचाच प्रश्न आहे.

१. रोहिणी नदीचा तंटा

सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सोडले, अशी कथा आपण ऐकत आलो. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण मांडले, आणि ते कारण आहे नदीचे पाणी.

शाक्य आणि कोलीय ही दोन शेजारी गणराज्ये. मध्ये रोहिणी नदी. दोघांची शेती त्या एकाच नदीवर. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे यावरून दरवर्षी भांडण, मारामारी. एका वर्षी डोकी फुटली आणि शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव संघापुढे आणला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता. त्याने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. संघाने ती फेटाळली. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. संघाच्या शिक्षेचा प्रश्न आला तेव्हा आपल्या कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

पुढचा भाग पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. सिद्धार्थ निघून गेल्यावर लोकांनाच युद्ध नकोसे झाले. दोन्ही राज्यांनी पाच-पाच माणसे नेमली. ती भेटली आणि त्यांनी कायमचे लवाद मंडळ स्थापन करायचे ठरवले. रोहिणीच्या पाण्याचा कोणताही तंटा त्या मंडळापुढे जाईल आणि निर्णय दोघांनाही बांधील राहील, असे ठरले. जी सूचना संघाने नाकारली तिचाच गाभा शेवटी दोन्ही राज्यांना स्वीकारावा लागला.

यातून घ्यायचा बोध असा : ‘भांडू नका’ एवढे सांगून पाण्याचे भांडण मिटत नाही. त्याला नियम लागतो, आणि तो नियम चालवणारे मंडळ लागते. त्या मंडळात दोन्ही बाजूंची माणसे बसली पाहिजेत.

२. आधी हक्क : महाड

पण वाटणीला बसायचे तर आधी पंक्तीत जागा पाहिजे. आपल्या वाडवडिलांना ती जागाच नव्हती. विहिरीच्या काठाला हात लावायचा नाही, दूर उभे राहायचे, कोणी वरून ओतले तर ओंजळीत घ्यायचे. आपल्या घरातली म्हातारी माणसे हे सांगत आली आहेत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाण्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांना मार खावा लागला. तळे ‘बाटले’ म्हणून शेण, गोमूत्र टाकून शुद्ध करण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

आपला हिंगोली-वसमतचा टापू तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई विधिमंडळाचा ठराव इथे चालत नव्हता. इथे सर्वांना सारखा कायदा आला तो संविधानाबरोबर. कलम १५ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा सार्वजनिक उपयोगासाठी असलेल्या विहिरी, तळी, घाट यांच्या वापराला जातीवरून कोणीही अडवू शकत नाही. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने दलितांच्या वापरातले पाणी घाण करणे हा गुन्हा ठरला. १९९० पासून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हेही नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी माहीत करून घ्यावे.

३. आपल्या चारीतले पाणी कुठून येते?

हट्टा वसमत तालुक्यात आहे. या टापूला पाणी देते ती पूर्णा. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जालना आणि बुलडाणा जिल्ह्यांतून वाहत खाली येते. तिच्यावर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे बांधली, ती १९६८ पर्यंत पुरी झाली. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा सुमारे ८१. येलदरीत साठवायचे, तिथे वीज करायची, आणि खाली सिद्धेश्वरवरून कालव्यात सोडायचे, अशी योजना.

येलदरीच्या वरच्या अंगाला बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाले. त्याला संत चोखासागर असे नाव आहे. ज्या चोखामेळ्याला देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याच्या नावाचा जलाशय आज आपल्या नदीच्या माथ्यावर आहे. वरचे धरण भरल्याशिवाय खाली पाणी येत नाही. बुलडाण्याच्या शेतकऱ्याचाही हक्क, आपलाही हक्क. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर शेती आहे आणि शहरांची तहानही आहे. वसमतकडचा ऊस, हळद आणि गहू त्याच पाण्यावर.

म्हणजे आपण वरच्यांच्या खाली आहोत, आणि कोणाच्या तरी वरही आहोत. पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून जाते, पुढे बाभळीचा बंधारा लागतो, आणि मग तेलंगण. त्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत मोठा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ठरलेले पाणी, ०.६ टीएमसी, खाली सोडायचे. बंधारा आपला, म्हणून सगळे पाणी आपले, असे होत नाही.

जायकवाडीची गोष्टही तीच. नाशिक-नगरकडची धरणे भरलेली आणि पैठणचा जलाशय रिकामा, असे झाले की मराठवाडा ओरड करतो, आणि ती रास्त आहे. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्व धरणांनी तूट सारखी सोसावी असे तत्त्व आहे. २०१६ साली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०१८ आणि २०२३ मध्ये वरच्या धरणांतून पैठणकडे पाणी सोडावे लागले. आता स्वतःला विचारा : नाशिकने पैठणशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण आपल्या चारीच्या शेवटच्या माणसाशी वागतो का?

४. जगातही हाच प्रश्न

जगात दीडशेहून जास्त देश कुठल्या ना कुठल्या नदीचे, सरोवराचे किंवा भूजलाचे वाटेकरी आहेत. नाईलवर इथिओपिया वर आणि इजिप्त खाली. मेकाँगवर चीन वर आणि व्हिएतनाम खाली. भारत-पाकिस्तानचा १९६० चा सिंधू करार युद्धांतूनही टिकला, पण २०२५ साली भारताने तो स्थगित केला. आणि ती रोहिणी? ती आजही नेपाळातून उत्तर प्रदेशात येते. शाक्य-कोलीयांची नदी आता दोन राष्ट्रांची झाली आहे.

१९९७ साली संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नद्यांविषयी करारनामा केला. तो २०१४ साली अमलात आला. त्यातली मुख्य तत्त्वे दोन : प्रत्येकाने न्याय्य आणि वाजवी वापर करावा, आणि दुसऱ्याला मोठे नुकसान करू नये. धम्म जाणणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

बाबासाहेबांनी हा विषय नुसता ग्रंथात ठेवला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळात आकाराला आली. नदी प्रांताच्या हद्दीने तोडून पाहू नये, सबंध खोरे एक धरावे, हा विचार तिच्या मुळाशी होता. संविधानाच्या कलम २६२ मध्ये नदीच्या तंट्यासाठी लवादाची वाट ठेवली आहे. त्याच वाटेने १९६९ साली गोदावरीसाठी बच्छावत लवाद नेमला गेला. रोहिणीच्या काठावरच्या लवाद मंडळापासून इथपर्यंत सूत्र एकच आहे.

५. आपण काय करावे?

पहिले, आपली पाळी आणि आपला वाटा ओलांडू नये. चारी फोडू नये. ‘सगळेच करतात’ ही सबब शीलाला चालत नाही.

दुसरे, आपल्या चारीवर पाणी वापर संस्था असेल तर सभासद व्हा आणि सभेला जा. २००५ च्या कायद्याप्रमाणे तिच्या संचालक मंडळावर वरच्या, मधल्या आणि शेवटच्या, अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी असतात. आपली जमीन बहुधा शेवटालाच असते. मग आपणच गैरहजर राहिलो तर आपली बाजू कोण मांडणार?

तिसरे, बोअरचे पाणीही एकट्याचे समजू नका. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी साठते. एकाने खोल बोअर मारला की शेजारची विहीर आटू शकते. म्हणूनच सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्याला जमीनच नाही त्याचे काय? कालव्याचे पाणी जमिनीच्या मागे जाते, आणि आपल्यातली पुष्कळ कुटुंबे भूमिहीन आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा एकरावर नव्हे, माणशी ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. हे महाराष्ट्रात घडलेले आहे. ग्रामसभेत आपण हा प्रश्न मांडला पाहिजे.

बांधवांनो, महाडला आपल्या माणसांनी मार खाल्ला तो पाण्यावर मालकी सांगण्यासाठी नाही. पाण्यावर कोणाचीच एकट्याची मालकी नाही, हे सांगण्यासाठी. ज्याला काल पाणवठ्यावरून हाकलले, त्याने आज दुसऱ्याची चारी कोरडी केली, तर चवदार तळ्याची ती ओंजळ वाया गेली असे समजा.

अभ्यासासाठी प्रश्न

१) परिव्रज्येची प्रचलित कथा बाबासाहेबांनी का नाकारली? त्यांनी कोणते कारण दिले?
२) सिद्धार्थाची सूचना आणि नंतर स्थापन झालेले लवाद मंडळ यांत काय साम्य आहे?
३) आपल्या चारीवर शेवटचा शेतकरी कोण? गेल्या पाळीला त्याला पाणी मिळाले का? त्याच्या घरी जाऊन विचारा.
४) आपल्या वस्तीतल्या भूमिहीन कुटुंबांना पाणी कुठून मिळते? पुढच्या ग्रामसभेत कोणता प्रश्न मांडाल, तो घरात सर्वांनी मिळून लिहून काढा.

जयभीम!