कासवाच्या पेटीतील ओलावा

मुलांनो, रखरखीत प्रदेशातल्या प्राण्याला ओलसर हवा लागते, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण ही गोष्ट खरी आहे.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सुलकाटा नावाचे एक मोठे कासव राहते. त्याचे पिल्लू तळहातावर मावते. पूर्ण वाढलेला नर मात्र एकट्या माणसाला उचलत नाही. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक ही कासवे घरी पाळतात. (आपल्याकडचे तारा कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा.) कोरड्या देशातला प्राणी, त्याला कोरडी जागाच हवी, असे समजून लोक पिल्लांना कोरड्या पेटीत, तापलेल्या दिव्याखाली ठेवत. पिल्ले वाढत, पण त्यांच्या पाठीवर टेंगळे येत. गुळगुळीत घुमटाऐवजी छोटे छोटे पिरॅमिड मांडल्यासारखी पाठ दिसे. असे वाढलेले कवच पुन्हा सपाट होत नाही.

अन्नात प्रथिने जास्त झाली म्हणून असे होते, असा समज होता. २००३ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी ५० पिल्लांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ५ महिने काही पिल्ले कोरड्या हवेत, तर काही दमट हवेत वाढवली होती. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर टेंगळे जास्त आली. प्रथिनांचा परिणाम अगदी थोडा होता. बिचाऱ्या अन्नाला उगाच दोष लागला होता!

मग रानात कसे निभते? हे कासव खोल बीळ खणते आणि कडक उन्हाच्या वेळी आत बसते. माठाखालच्या वाळूत बोट घालून पाहा. वर कोरडी, आत ओली. बिळातही तसेच असते. लोकांनी वरचे वाळवंट पाहिले, बीळ पाहिले नाही.

आता दिव्याची गंमत पाहा. हवेतील ओलाव्याला, म्हणजे तुमच्या उर्दूतल्या नमीला, मराठीत आर्द्रता म्हणतात. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम. खोलीतली आर्द्रता ५० टक्के असेल आणि तीच हवा पेटीत ३० अंशापर्यंत तापली, तर आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते. वाफ तेवढीच राहते, मावण्याची जागा वाढते. म्हणून नुसता दिवा लावून भागत नाही, पाणीही द्यावे लागते.

जाणकार पेटीत मातीचा जाड थर घालतात आणि कोपऱ्यातून पाणी तळाशी सोडतात. वरचा थर कोरडाच ठेवतात, नाहीतर पोटाकडचे कवच कुजते. पेटीचे तोंड बरेचसे झाकतात. एका कोपऱ्यात ओलसर मातीचे अंधारे घर करतात; तेच पिल्लाचे बीळ. पाण्याचे भांडे उथळ असते. आर्द्रतामापक झाकणाजवळ टांगून उपयोग नाही. तो कासवाच्या उंचीवर लावावा लागतो, कारण श्वास तेथे घेतला जातो. मात्र ओल आणि थंडी एकत्र आली की घात होतो. पिल्लाचे नाक वाहू लागते, श्वासाचा आजार होतो. म्हणून पेटी ओली असेल, तर रात्रीही ती उबदार ठेवावी लागते.