काकांचा रेकॉर्ड प्लेअर आणि काटकसरीचा हिशेब

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. घटत्या शिलकीच्या पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा काढत गेले, तर १००० रुपयांच्या यंत्राची किंमत ४० वर्षांनी वहीत अवघी दीड रुपया उरते. आमच्या घरी असे एक दीड रुपयाचे यंत्र आहे. माझ्या थोरल्या काकांनी सौदी अरेबियातली नोकरी संपवून १९८३ साली बेळगावला परत येताना ते आणले. जपानी बनावटीचा, डायरेक्ट ड्राइव्ह पद्धतीचा रेकॉर्ड प्लेअर. पण त्या पद्धतीतला अगदी स्वस्तातला. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आणि तो माळ्यावर गेला.

दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढताना तो भंगारात निघाला होता. मी मागून घेतला. काका म्हणाले, “घे, पण आधी शिकून घे. यंत्र तुझे, रेकॉर्डी माझ्या.” त्या रेकॉर्डींत पं. भीमसेन जोशी यांचे मराठी अभंग आहेत आणि कन्नड दासवाणीही आहे. गंगूबाई हनगल आहेत, आणि आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्वही आहेत. या ठेव्याची जबाबदारी अंगावर घेताना मला वाटले होते, यंत्र पुसावे, तेल घालावे, झाले! तसे ते नसते. काय असते, ते मी चुका करत शिकलो. विद्यार्थी मित्रांना त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे काय?

लाँगप्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. साधी विजेची मोटर मात्र मिनिटाला हजार-दीड हजार फेरे फिरते. ही गती उतरवण्यासाठी जुन्या यंत्रांत मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी चाक किंवा रबरी पट्टा असे. चाक घासले की घरघर येते. पट्टा सैल झाला की गाणे डुलते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हा मधला दलालच काढून टाकला आहे. थाळी मोटरच्या आसावरच बसते, आणि मोटर स्वतःच ३३ १/३ च्या संथ गतीने फिरते. गती कमी-जास्त होते आहे की काय, यावर एक इलेक्ट्रॉनिक मंडल सतत नजर ठेवते.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने आपल्या टेक्निक्स या नावाखाली १९७० साली एसपी-१० हे यंत्र बाजारात आणले, आणि ही पद्धत रूढ झाली. ते महागडे, व्यावसायिक उपयोगाचे यंत्र होते. १९७२ साली एसएल-१२०० आले. दशक संपेपर्यंत हीच पद्धत सामान्य पगारदाराला परवडणाऱ्या यंत्रांतही उतरली. १९८२ साली जपानात सीडी निघाली आणि रेकॉर्डींचा बाजार मावळू लागला. एसएल-१२०० चे उत्पादन २०१० साली बंद पडले आणि २०१६ साली त्याच नावाने पुन्हा सुरू झाले. वहीतून निर्लेखित केलेली मालमत्ता पुन्हा ताळेबंदात यावी, तसा हा प्रकार!

मधला पट्टा नाही, म्हणजे झिजणारा एक भाग कमी. म्हणूनच ४० वर्षांचे यंत्र अजून फिरते. पण फिरणे वेगळे आणि नीट फिरणे वेगळे.

गतीचे माप

महागड्या यंत्रांत गती क्वार्ट्झ स्फटिकाच्या आधाराने स्थिर ठेवलेली असते. आमच्या यंत्रात ती एका लहान नॉबने आपण जुळवायची. त्यासाठी थाळीच्या कडेवर ठिपक्यांच्या ओळी कोरलेल्या आहेत आणि शेजारी लहानसा निऑन दिवा आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा लकाकतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, मिनिटाला ६००० वेळा. ६००० ला ३३ १/३ ने भागले की १८० येतात. म्हणून १८० ठिपक्यांची ओळ बरोबर गतीला स्थिर उभी दिसते. ठिपके पुढे सरकले तर गती जास्त, मागे सरकले तर कमी.

येथे मी पहिली चूक केली. कडेवर चार ओळी आहेत: ३३ च्या दोन आणि ४५ च्या दोन. मी ३३ ची भलतीच ओळ धरली. ठिपके पुढे धावत होते. मी नॉब मंदगतीच्या टोकापर्यंत फिरवला, तरी थांबेनात. तसेच ठेवून अभंग लावला. काकांनी आतल्या खोलीतून विचारले, “बुवांना आज सर्दी झालीय काय रे?” मग त्यांनीच उलगडा केला. सौदीत वीज ६० आवर्तनांची. तेथे दिवा मिनिटाला ७२०० वेळा लकाकतो आणि ठिपके लागतात २१६. मी बेळगावच्या विजेवर ती २१६ ची ओळ थांबवू पाहत होतो.

ज्यांच्या यंत्रावर ठिपके नाहीत त्यांनी रेकॉर्डच्या लेबलावर कागदाचा कपटा ठेवावा आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे भरले पाहिजेत. घरातल्या एलईडी दिव्याखाली ठिपक्यांचा कागद ठेवून पाहू नये. असे बरेच दिवे विजेबरोबर लकाकत नाहीत आणि परीक्षा फसते.

गती मध्येच डचमळत असेल, तर बहुधा नॉबच्या आतला संपर्क मळलेला असतो. प्लग काढावा, संपर्क साफ करण्याचा फवारा थोडा मारावा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवून वाळू द्यावा. आमच्या यंत्राचा निम्मा आजार एवढ्याने गेला. उरलेला आत वाळलेल्या कपॅसिटरांचा होता. ते काम डाग लावणाऱ्या जाणत्या माणसाचेच. आपण विजेशी खेळू नये.

वजनाचे माप

दुसरी चूक महागात पडली. रेकॉर्डवर टेकणाऱ्या सुईचा भार किती असावा, ते त्या त्या कार्ट्रिजच्या कागदावर दिलेले असते. आमच्याकडे ते १.७५ ग्रॅम आहे. मी विचार केला, भार जितका कमी तितकी रेकॉर्डची झीज कमी. काटकसर करावी! म्हणून भार एक ग्रॅमच्याही खाली ठेवला आणि अभंगांची रेकॉर्ड तीन महिने रोज लावली. ‘स’ आणि ‘श’ फरफरू लागले, वरच्या तानेला आवाज फाटू लागला. मला वाटले, रेकॉर्ड जुनी झाली.

खरे कारण उलटे होते. भार कमी पडला की सुई खोबणीत नीट बसत नाही. मोठ्या आवाजाला ती दोन्ही भिंतींवर आपटत जाते आणि त्या खरवडते. जास्त भाराने जे नुकसान होते, त्याहून हे वाईट. मी भार नीट केला तेव्हा इतर रेकॉर्डी स्वच्छ वाजल्या; त्या एकीवर मात्र तेथल्या तेथे फरफर राहिली. ती आता कधीच जाणार नाही. काकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “झाले ते झाले. पुढची जप.” रागावले असते तर बरे वाटले असते.

भार लावण्याची रीत सोपी आहे. यंत्र पाणसळीने सपाट करावे. सुईचे टोपण काढावे. मागचे वजन फिरवून दांडा तराजूच्या काट्यासारखा आडवा तरंगता करावा. तेथे आकड्यांची कडी शून्यावर आणावी, आणि मग वजन व कडी एकत्र फिरवून ठरलेल्या आकड्यावर न्यावीत. अँटिस्केटिंगचा आकडाही तेवढाच ठेवावा.

तेलाचे माप

आसाला तेल घालावे म्हणून मी यंत्र घेऊन एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. मी तेलाची कुपी उपडी करणार, तोच त्यांनी हात धरला. म्हणाले, “स्वल्प साकु, तम्मा.” थोडे पुरे, बाळा. पातळ यंत्रतेलाचे दोन-तीन थेंब, तेही वर्षानुवर्षांतून एकदा. जास्त तेल बाहेर येते, धूळ धरते आणि आतल्या मंडलावर उतरते. खोबरेल तर मुळीच नको. थंडीत ते गोठते.

सुईचा हिशेब

हिऱ्याची सुई झाली तरी झिजते. साधारण ५०० तासांनी तिची शंका घ्यावी. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटे धरली, तर ५०० तासांत ७५० रेकॉर्डी वाजतात. समजा, नवी सुई ३००० रुपयांना पडली. म्हणजे एका रेकॉर्डमागे ४ रुपये. चहाच्या कपाहून स्वस्त. हा महसुली खर्च आहे. तो वाचवला तर भांडवलच खरवडले जाते.

रेकॉर्ड लावण्यापूर्वी ती मऊ ब्रशने झाडावी, सुई मागून पुढे पुसावी, रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात. आजोबांच्या काळातल्या ७८ गतीच्या लाखेच्या रेकॉर्डींना स्पिरिट कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. त्या या सुईवर वाजवूही नयेत, त्यांची खोबण रुंद असते.

कोणाला असे जुने यंत्र घ्यायचे असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात. दोन्ही गती स्थिर राहतात का? दांडा अडखळल्याशिवाय हलतो का? दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो का? अर्थची तार जोडल्यावर गुणगुण थांबते का? आणि सुईची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा. आजच्या बऱ्याच अँप्लिफायरांना रेकॉर्ड प्लेअरची जागा नसते. त्यासाठी फोनो प्रीअँप वेगळा घ्यावा लागतो, तोही हिशेबात धरावा.

काटकसर म्हणजे कमी खर्च, असे मी समजत होतो. या यंत्राने शिकवले की काटकसर म्हणजे योग्य माप. १८० ठिपके, १.७५ ग्रॅम, तेलाचे तीन थेंब. यापेक्षा जास्त नको, आणि कमीही नको. वहीत त्याची किंमत दीड रुपया असेल. पण संध्याकाळी काका खुर्ची ओढून बसतात आणि “दासवाणी लाव रे” म्हणतात, तेव्हा तो आकडा कोणत्या रकान्यात मांडावा, हे अजून आमच्या अभ्यासक्रमात आलेले नाही.